आनंदाने देतो

गुरुवार हा पट्ट्यांचा दिवस. दुपारची जेवणं उरकली की चर्चच्या मंडळीतल्या बायका एकेक करत धाकटीच्या घरी यायच्या, मिळेल तिथे बसायच्या, खुर्चीवर, पलंगाच्या कडेला, अगदी उंबऱ्यावरसुद्धा, आणि पांढऱ्या चादरी टराटरा फाडायला लागायच्या. चार बोटं रुंद पट्टी काढायची, काठाची शिवण कापून टाकायची, मांडीवर घेऊन घट्ट गुंडाळायची आणि दोऱ्याने बांधायची. गुंडाळी पुरी झाली की डोळे मिटून ताईचं नाव घ्यायचं, मगच ती खोक्यात टाकायची. कुणी नाव घ्यायला विसरली तर धाकटीची आई खुर्चीत बसल्या बसल्या तिला ती गुंडाळी उलगडून परत गुंडाळायला लावायची. आईपुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

ताई म्हणजे धाकटीची थोरली बहीण. समुद्रापलीकडे मिशनच्या दवाखान्यात ती नर्स होती. चर्चमध्ये शिरलं की डाव्या भिंतीवर तिचा फोटो दिसायचा, पांढऱ्या टोपीतला, कडेवर तिकडचं कुणाचं तरी मूल घेतलेला. मंडळीत तिला सिस्टर म्हणत आणि आईला सिस्टरची आई. धाकटीला मात्र धाकटीच म्हणत. चाळिशी उलटली, केस पांढरे व्हायला लागले, तरी आपली धाकटी. मोठं व्हायला तिला कुणी सवडच दिली नव्हती.

चादरी तीच आणायची. एका लॉजच्या धुलाईखान्यात ती कामाला होती. विरलेल्या, डाग न निघणाऱ्या चादरी लॉजचा मालक तिला देऊन टाकायचा आणि वर पुण्य केल्यासारखा चेहरा करायचा. दिवसभर वाफेत उभं राहायचं, संध्याकाळी चादरींचं गाठोडं घरी आणायचं, त्या पुन्हा उकळायच्या, वाळवायच्या, इस्त्री करायच्या. का, तर तिकडच्या जखमांना स्वच्छ पट्टी हवी.

आता इकडच्या जखमेचं ऐका. आईच्या डाव्या नडगीवर तळहाताएवढी जखम होती. पायातलं रक्त नीट वर चढत नाही, म्हणून ती भरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाय उंच ठेवायचा, फार वेळ उभं राहायचं नाही, जखम रोज धुवायची आणि लांब पट्टीने घट्ट बांधायची. लांब पट्टी! ज्या घरातून खोकीच्या खोकी पट्ट्या बाहेर जात होत्या, त्या घरात आईच्या पायाला जुन्या गाऊनच्या चिंध्या होत्या. पहिल्यांदा धाकटीने खोक्यातली एक गुंडाळी उचलली तेव्हा आईने तिचं मनगट धरलं होतं. ते तिकडचं आहे, म्हणाली होती, देवाला वाहिलेल्यातलं आपण काढून घ्यायचं नसतं. धाकटीने विकतची पट्टी आणून पाहिली. तीही आईने धुऊन, घडी करून, खोक्यात टाकली. धाकटीने कपाळावर हात मारून घेतला आणि चिंध्या धुवायला घेतल्या. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ तेच चालू होतं.

आईला काही हवं असलं की ती हाक मारत नसे, चमच्याने कपावर वाजवत असे. पाणी हवं, टिंग. उशी सरकली, टिंग. कंटाळा आला, टिंग. धाकटीला लॉजमध्येसुद्धा कुठे कप वाजला की उठून उभं राहायची सवय लागली होती. बरोबरच्या बायका हसायच्या, आणि तीही हसायची, कारण दुसरं काय करणार?

वायरमन या गोष्टीत आला तो लॉजवरूनच. धुलाईखान्याची मोटर जळली तेव्हा तो दुरुस्तीला आला होता. बायको वारून बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, बोलायला कमी, पण बोलला की समोरच्याला हसू फुटलंच पाहिजे. चर्चमधले दिवे आणि माइकही तोच सांभाळायचा. सगळे डोळे मिटून प्रार्थना करत तेव्हा याचे डोळे टक्क उघडे. कुणीतरी फ्यूजकडे बघायला नको का, असं त्याचं म्हणणं. असा हा माणूस मोटर नीट झाल्यावरही धुलाईखान्यात या ना त्या निमित्ताने येत राहिला. मग एक दिवस त्याने सरळ विचारलं. दुसऱ्या गावी, एका कारखान्यात त्याला कायमची नोकरी लागत होती, दोन खोल्यांच्या घरासकट. आपण लग्न करू, आईंनाही घेऊन जाऊ, असं तो म्हणाला. धाकटीच्या हातातली ओली चादर तशीच पिळलेली राहिली.

आईने ऐकून घेतलं आणि ठाम नाही म्हणून सांगितलं. लग्नाला नाही म्हटलं नव्हतं हं. मी कशाला आडवी येऊ, म्हणाली. पण ही मंडळी, हा गुरुवार, भिंतीवरचा तो फोटो सोडून परक्या गावात जाऊन बसायचं? तिथे तिला कोण ओळखणार? मला इथून हलवायचं तर चौघांच्या खांद्यावरून हलवा, म्हणाली. पाय बघायला धाकटीने एक बाई ठेवून पाहिली, तर तिला आईने आठवड्याच्या आत पळवून लावलं. आता राहिला होता एकच मार्ग, आणि तो समुद्रापलीकडे होता.

गेल्या खेपेला सुट्टीवर आली असताना ताईच म्हणाली होती, पुढच्या वेळी मी कायमची येते, मग तू तुझं बघ. बंदराकडे निघता निघता, एक पाय गाडीत असताना म्हणाली होती खरी, पण म्हणाली होती. त्या एका वाक्यावर धाकटीने इतकी वर्षं काढली होती. वायरमनला तिने ते सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, सिस्टरची सुट्टी संपेपर्यंत मी कारखान्याला थांबवून धरतो, त्यापुढे ते थांबायचे नाहीत.

ताई आली. स्वागताला अख्खी मंडळी लोटली. लहान मुलींनी गाणं म्हटलं, चर्चच्या पाळकसाहेबांनी भाषण केलं, ऑर्गनवाल्या मावशींनी इतका जोर लावला की खिडकीची काच हलायला लागली. ताई वाळली होती, उन्हाने काळवंडली होती, आणि सगळ्यांकडे बघून एकसारखं हसत होती. धाकटीला वाटलं, बिचारी दमली आहे, आता हिला घरी विश्रांती मिळू दे. जीव भांड्यात पडल्यासारखं झालं तिला.

पहिल्याच संध्याकाळी ताईने आईचा पाय पाहिला. चष्मा लावून, वाकून, नीट पाहिला. पाणी उकळूनच वापर, चिंध्या नकोत, पट्टी घोट्यापासून वर बांधत ने, हे सगळं तिने धाकटीला समजावून सांगितलं. मग हात धुतले. त्यानंतर पूर्ण सुट्टीत तिने त्या पायाला हात लावला नाही. वेळ कुठे होता? आज या मंडळीत आपल्या कामाची साक्ष, उद्या त्या मंडळीत पडद्यावर चित्रं दाखवायची, परवा कुणाच्या घरी चहा. परकी माणसं जखमा धुण्याच्या तिच्या गोष्टी ऐकून डोळे पुसायची. आणि त्याच वेळी घरी धाकटी गुडघ्यांवर बसून, तोंड फिरवून, आईची चिंधी कोमट पाण्याने सोडवत असायची. तिला राग यायचा, मग त्या रागाची लाज वाटायची, आणि मग त्या लाजेचा राग यायचा.

विचारायचं विचारायचं म्हणून रोज राहून जात होतं. शेवटी रवानगीच्या उपासनेला चार दिवस उरले. हो, ताईची परत रवानगी ठरली होती. पाळकसाहेबांनी चर्चमध्ये जाहीर केली तेव्हा धाकटीला कळली. दुपारी दोघी बहिणी गच्चीवर धुतलेल्या चादरी वाळत घालत होत्या. खाली आई झोपली होती. एका चादरीची दोन टोकं ताईच्या हातात, दोन धाकटीच्या. झटकता झटकता धाकटीने विचारलं, तू तर कायमची येणार होतीस ना?

ताईने चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग तिने जे सांगितलं ते एका दमात सांगितलं. तिकडे तिला आता काही काम नव्हतं. तिकडच्याच मुली शिकून नर्स झाल्या होत्या, हिच्यापेक्षा नवं शिकलेल्या, चांगल्या हाताच्या. दवाखाना मिशनने केव्हाच त्यांच्या हवाली केला होता. ताई जुनी म्हणून त्यांनी तिला मानाने ठेवून घेतलं होतं, सकाळी वॉर्डात प्रार्थना म्हणायला आणि कोठाराच्या किल्ल्या सांभाळायला. कुणी तिला जा म्हणत नव्हतं. कुणी तिची वाटही बघत नव्हतं.

आणि पट्ट्या? धाकटीने विचारलं. तिलाच कळेना, आधी पट्ट्याच का आठवल्या.

ताई खाली बघून म्हणाली, पट्ट्या केव्हाच लागत नाहीत. तिकडे बंद पाकिटातल्या, कारखान्यातून आलेल्या पट्ट्या वापरतात. आपल्या घरगुती पट्ट्या जखमेवर ठेवायची परवानगीच नाही. त्या उलगडून गाद्यांत भरतात. गाद्या चांगल्या होतात, मऊ.

धाकटी मटकन पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली. किती चादरी उकळल्या होत्या तिने! किती गुरुवार, किती बायका, किती वेळा ताईचं नाव. तिच्या डोळ्यांसमोर आली ती मात्र गादी, भली मोठी, मऊ, आणि तिच्यावर कुणीतरी अनोळखी माणूस आरामात कूस बदलतोय. तिला हसू आलं. असल्या वेळी हसू यावं याचं तिलाच नवल वाटलं.

"मग काम नाही तर ये की परत," ती म्हणाली. "एक वर्ष ये. मला माझं मार्गी लावू दे. मग हवं तर जा."

 चादरीचा ओला काठ ताई बोटांनी सरळ करत होती.

"तिकडे माझी एक खोली आहे," ती म्हणाली. "लहानशीच आहे. पण दार लावलं की ते बंद होतं. आत मी असते आणि कुणी कप वाजवत नाही. इथे आले तर मला आईचं करावं लागेल, धाकटे. माझ्याच्याने ते होणार नाही. परक्यांचं मी कितीही केलं असतं. आईचं नाही होणार."

खरं सांगायचं तर धाकटीला त्या क्षणी बहिणीचा राग आला नाही. आला तो हेवा. त्या दाराचा. आपणही असंच कधीतरी, कुणाला न विचारता, समुद्र ओलांडून एक दार लावून घ्यायला हवं होतं, आणि लोकांनी त्याला देवाचं पाचारण म्हटलं असतं, भिंतीवर फोटो लावला असता. राग नंतर आला, जिना उतरताना, आणि आला तो असा आला की कठडा धरून तिला थांबावं लागलं. खाली कप वाजत होता.

आता रवानगीची रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. त्या चर्चमध्ये कुणी मिशनच्या कामाला निघालं की शेवटच्या रविवारी त्याला वेदीपुढे गुडघे टेकायला लावत. मग पाळकसाहेब घरच्यांना सगळ्यांसमोर विचारत, "या घराने आपलं माणूस प्रभूच्या कामाला दिलं आहे. आजही देता का?" घरचं मोठं माणूस उभं राहून म्हणे, "आनंदाने देतो." ते शब्द पडले की ऑर्गन सुरू, मग सगळे पुढे येऊन त्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवत. घरच्यांनी दिल्याशिवाय हात ठेवायचे नाहीत, अशी जुनी पद्धत होती. ताईच्या पहिल्या रवानगीला वडिलांनी तिला दिलं होतं. ते गेल्यावर दर खेपेला आईने दिलं. या खेपेला आईला उभं राहायची मनाई होती. पाळकसाहेब घरी येऊन चहा पिता पिता म्हणाले, मग काय, या वेळी धाकटी देईल, तिलाही मान मिळू दे. आईने मान डोलावली. ताईने धाकटीकडे पाहिलं आणि नजर फिरवली.

धाकटीने त्या चार दिवसांत चकार शब्द काढला नाही. वायरमन भेटला तेव्हा त्यालाही फक्त एवढंच म्हणाली, रविवारी कळेल तुला. तो म्हणाला, माइक मीच लावणार आहे, मला सगळ्यांच्या आधी ऐकू येईल. नेहमीसारखी तिने मान हलवून दाद दिली, पण हसली नाही.

रविवारी चर्च भरून गेलं. आईला पहिल्या बाकाच्या टोकाशी खुर्चीवर बसवलं होतं, पाय स्टुलावर, त्यावर शाल. ताईची खोकी वेदीच्या पायरीशी रचून ठेवली होती, लोकांना दिसावीत म्हणून, फक्त शेवटच्या गुरुवारचं एक खोकं घरी बांधायचं राहिलं होतं. उपदेश झाला. घरी सेवा करणारे आणि परदेशी सेवा करणारे एकाच झाडाच्या दोन फांद्या आहेत, असं पाळकसाहेब म्हणाले. धाकटीला वाटलं, असतील, पण सावली एकीचीच मोजली जाते. मग ताई पुढे गेली आणि तिने गुडघे टेकले. वायरमन मागून माइक घेऊन आला, धाकटीच्या हातात दिला, बटण चालू असल्याची खात्री केली आणि आपल्या जागेवर गेला.

पाळकसाहेबांनी विचारलं, "आजही देता का?"

"नाही," धाकटी म्हणाली.

माइकमधून ते सगळीकडे पोचलं, खिडक्यांपर्यंत, मागच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांपर्यंत. पण ऑर्गनवाल्या मावशींचे हात सवयीने पडले ते पडलेच. इतक्या वर्षांत घरच्यांचा आवाज आला की सूर लावायचा, एवढंच त्यांना माहीत. नाही म्हणणारं कुणी असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. ऑर्गन वाजायला लागला, पाचपन्नास माणसं उठून उभी राहिली, चार उत्साही बायका हात पुढे करून निघाल्यासुद्धा. मग कुणीतरी मावशींना डिवचलं, सूर मध्येच बसला, आणि बायका वाटेतच हात लांबवलेल्या तशाच थांबल्या. कुणाला हसायचं धाडस झालं नाही.

पाळकसाहेब हसले. बहिणीची माया आहे, ते मंडळीला म्हणाले, रक्ताचं नातं आहे, कंठ दाटून येणारच. मग धाकटीकडे वळून, लहान मुलीशी बोलावं तसं, त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

"कंठ दाटलेला नाही," धाकटी म्हणाली. "मी देत नाही. आमच्या घरी माणसाची गरज आहे. आईचा पाय सडतोय. ही नर्स आहे. मला पुढे जायचं आहे. मी हिला देत नाही."

बोलून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की काय सांगावं. ताईच्या कामाबद्दल ती बोलली नाही, पट्ट्यांबद्दल बोलली नाही, गादीचं नाव काढलं नाही. बहिणीची झाकली मूठ तिने झाकलेलीच ठेवली. ताईने फक्त मान वर करायची होती. मी थांबते, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. धाकटी तिच्या पाठीकडे, कॉलरवर आलेल्या पिकल्या केसांकडे बघत राहिली. मान वर झाली नाही.

तेवढ्यात कप वाजावा तसा खुर्चीचा आवाज झाला. आई उभी राहत होती. शाल खाली पडली, स्टूल कलंडलं. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून ती उठली, मग एक हात सोडला, मग दुसराही सोडला. दोन वर्षांत जी बाई मोरीपर्यंत धाकटीच्या खांद्याशिवाय गेली नव्हती, ती सगळ्या मंडळीसमोर ताठ उभी होती.

"तिची आई मी आहे," आई म्हणाली. तिला माइक लागला नाही. "मी देते. आनंदाने देते."

या वेळी मावशी चुकल्या नाहीत. ऑर्गन दणदणला, माणसं पुढे लोटली, ताईच्या डोक्यावर हातांवर हात पडले. बायका रडत होत्या. प्रभूने सिस्टरच्या आईला उभं केलं, असं कुणीतरी ओरडलं आणि तेच सगळीकडे झालं. गाण्याची सगळी कडवी झाली आणि सगळ्या कडव्यांभर आई उभी राहिली. तिच्या पायातला मोजा आधी गुलाबी आणि मग लाल होत गेलेला फक्त दोघांनी पाहिला. एक धाकटी, आणि दुसरा तो, जो प्रार्थनेत डोळे मिटत नाही.

त्यानेच आपली सामानाची गाडी चर्चच्या दाराशी आणली, वायरींची भेंडोळी बाजूला सारून आईला बसवलं आणि घरी सोडलं. वाटेत आई खुशीत होती, हिंदकळणाऱ्या गाडीत ते गाणं पुटपुटत होती. घराशी उतरल्यावर वायरमन जरा वेळ उभा राहिला. त्याला विचारायचं काही राहिलं नव्हतं. कारखान्यातल्या घराची एक किल्ली त्याने कधीपासून खिशात ठेवली होती, धाकटीला दाखवायला म्हणून. ती त्याने बाहेर काढली नाही. मोटर बिघडली तर आता दुसऱ्या कुणाला बोलवावं लागेल, असं तो म्हणाला. धाकटी हो म्हणाली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती दारात होती, मग आत गेली, कारण आतून चमचा वाजला.

ताई चर्चमध्येच होती, निरोपाच्या चहाला. घरात दोघीच. धाकटीने आईचा पाय मांडीवर घेतला, मोजा कात्रीने कापून काढला. आतली चिंधी कातडीला चिकटली होती. कोमट पाणी सोडून सोडून ती सुटली तेव्हा आईने दात आवळले, पण हूं की चूं केलं नाही. जखम पसरली होती. धाकटी उठली, दाराशी ठेवलेल्या खोक्याकडे गेली आणि तिने हाताला येतील तेवढ्या गुंडाळ्या काढल्या. पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या, काठ कापलेल्या. घोट्यापासून सुरुवात करून, ताईने सांगितलं होतं अगदी तसं, ती गुडघ्यापर्यंत बांधत गेली. इतका सुंदर बांधलेला पाय त्या घराने पाहिला नव्हता.

"ते तिकडचं आहे," आई म्हणाली.

"तिकडे लागत नाही, आई." धाकटीचा आवाज चढला नाही. झाकली मूठ तिने आता उघडली, पण ती घरात, एका माणसापुढे. "तिकडे जखमांना हे बांधत नाहीत. कधीचंच बांधत नाहीत. ताईनेच सांगितलं मला. हे सगळं उलगडून गाद्यांत भरतात."

 खिडकीतून आईच्या चेहऱ्यावर ऊन येत होतं. धाकटीला वाटलं, आता हिचं काहीतरी तुटेल, आता ही रडेल, आपल्या डोक्यावर हात ठेवेल. एवढी एकच गोष्ट तिला हवी होती, आणि हे सगळं गेल्यावर ती मागायची तिला आता लाजही वाटत नव्हती. ती पाय धरून तशीच जमिनीवर बसून राहिली.

"मग गाद्यांना लागत असतील," आई म्हणाली.

तिने वाकून पट्टीचं टोक सोडवलं आणि सावकाश, एकेक वेढा काढत, धडधाकट पायाच्या मांडीवर ती परत गुंडाळायला लागली. घट्ट, एक सुरकुती न ठेवता. मधला भाग आला तेव्हा ती थांबली. तिथे रक्त लागलं होतं.

"कात्री दे," ती म्हणाली. "डागाळलं आहे तेवढं कापून टाकते. तेवढं तुझ्या चिंध्यांत ठेव."

धाकटीने कात्री दिली. आईने डाग कापून बाजूला ठेवला, उरलेली पट्टी गुंडाळली, दोरा बांधला, आणि डोळे मिटून ताईचं नाव घेतलं.